मऊ पडलेलं हाड

अनंत चतुर्दशीची रात्र. लालबागच्या मिरवणुका चौपाटीकडे सरकल्या, तसे नाना चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले, आम्ही पोरं त्यांच्याभोवती.

"आपल्या तळमजल्यावरच्या धनेशला भेटलेल्या भुताची गोष्ट. त्यानंच मला सांगितलेली."

धनेश परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आगमनाच्या दिवशी, रखमा नावाच्या बाईच्या बोनमॅरोचा, म्हणजे मज्जेसकट हाडाचा तुकडा त्याच्याकडे आला. लिम्फोमाचा संशय, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पेशींत विषाणू शिरलाय का, यावर तिचं औषध ठरणार होतं.

"हाडाचा तुकडा कापण्याआधी मऊ करावा लागतो. हळूहळू, सौम्य द्रावणात. पण याचे मित्र चिंचपोकळीला थांबलेले. यानं तो जालीम अ‍ॅसिडात टाकला नि गेला नाचायला."

मी मायक्रोबायॉलॉजीला आहे. मला पुढचं कळलं. "विषाणूची खूणच पुसली गेली असणार. रिपोर्ट काय आला?"

"विषाणू नाही."

"आणि ती?"

"भलतंच औषध चालू राहिलं. गेली."

"मग भूत कसलं सांगताय, नाना? तक्रार कुणी केली ते सांगा!"

"नूपुर, तोंड आवर. ऐक."

गेल्या वर्षीची हीच रात्र. लॅबमध्ये धनेश एकटा. मायक्रोस्कोपखाली दुसऱ्याच पेशंटची काच. पेशीपेशीत काळे ठिपके, विषाणूची खूण. इतके कधीच नसतात. त्यानं काच बदलली. तेच. मग कोरी काच ठेवली...

"कोरीवर काय दिसणार?"

"ठिपके."

कुणी हसलं नाही.

"मागून बाईचा आवाज आला. 'आता दिसलं?' तो वळला नाही. अ‍ॅसिडचा वास. मग हातावर हात. गार. तिनं त्याची करंगळी धरली. नुसती धरली..."

"मग?"

नाना खुर्ची उचलून आत निघाले.

"एवढंच? बाई मेली, आणि तुम्ही वर्षभर हे पोटात ठेवून आज आम्हाला घाबरवताय?"

मी तरातरा खाली उतरले. धनेश दारातच होता, प्रसादाचं ताट घेऊन.

"रखमाचं औषध चुकलं ते तुझ्यामुळे. तिच्या घरच्यांना सांगितलंस?"

त्यानं ताट पुढे केलं.

चार बोटं ताटाखाली ताठ होती. करंगळी काठाबाहेर लोंबत होती. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी.