कळपामागचं माणूस

एल्सी बुर्रीला सायकलवाल्यांचा राग होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. ओबरश्वांडच्या त्या अरुंद रस्त्यावर दिवसातून एकदा पोस्टाची गाडी आणि दोनदा चीजवाल्याकडे जाणारी दुधाची गाडी, एवढीच काय ती वर्दळ. म्हणूनच कोणा शहाण्याने नकाशात तो 'शांत सायकलमार्ग' ठरवला आणि कोपऱ्यावर लाल पाटी ठोकली. पाटी लागली आणि शांतता गेली. मे ते ऑक्टोबर भडक कपड्यांतली माणसं एमेंटालच्या टेकड्या पाहायला यायची, तिच्या हौदातून बाटल्या भरायची, कुंपणाचं फाटक उघडं टाकायची आणि गोठ्याच्या दारात उभं राहून नाकाला रुमाल लावायची. गोठ्याला गोठ्याचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?

कुरण रस्त्याच्या खाली होतं आणि गोठा वर. दिवसातून दोनदा, दूध काढायच्या वेळी, एकोणीस गायी शंभरेक पावलं रस्त्यानेच यायच्या. तेवढ्या वेळापुरती रस्त्याच्या त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना पांढरी-लाल दोरी आडवी बांधायची. कळपाच्या पुढे चालणारं माणूस दोऱ्या लावणार आणि कळपाच्या मागून येणारं माणूस त्या सोडणार. हा नियम तिच्या नवऱ्याच्या, ख्रिस्टेनच्या आजोबांच्या वेळचा होता. तो कोणी कोणाला सांगत नसे आणि कोणी मोडतही नसे.

गेल्या ऑक्टोबरात तो मोडला. ख्रिस्टेनने तिला न विचारता फ्लोरा गाय खाटकाला देऊन टाकली. फ्लोरा म्हातारी झाली होती हे खरं, पण तिला एल्सीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. दुपारी कुरणात तिला ते कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या गायी तूच आण," असं ओरडून ती कळप तसाच सोडून सफरचंदाच्या बागेतून तरातरा घरी निघून गेली.

पंधरा मिनिटांनी बाजेल शहरातला एक शाळामास्तर उतारावरून आला. सायकलला मागे दोन पिवळ्या पिशव्या होत्या. तो आडव्या दोरीला अडून फेकला गेला, त्याचं डोकं हौदाच्या दगडी कडेवर आपटलं आणि तो जागीच गेला. ॲम्ब्युलन्स यायच्या आत ख्रिस्टेनने दोरी सोडून गुंडाळून ठेवली आणि पोलिसांना सांगितलं, "दोरी केव्हाच सुटली होती. बायकोनं सोडली, मी पाहिलं." पोलिसाने एल्सीकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. सायकलवाला वेगात होता, असं कागदावर लिहिलं गेलं.

फेब्रुवारीत त्या मास्तरच्या बायकोचं पत्र आलं. रेगुला तिचं नाव. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'तो उतारावर दोन्ही ब्रेक दाबून यायचा, मुलं त्याला गोगलगाय म्हणायची. खरंच वेगात होता का, एवढंच मला सांगाल का?' एल्सीने पत्राची घडी करून पावाच्या डब्याखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून तिला त्या बाईचाही राग येऊ लागला, आणि रोज पाव काढताना तो नव्याने येऊ लागला.

दोरी नंतर त्यांनी लावलीच नाही. रस्त्यावर घडीचा तिकोनी फलक ठेवून ख्रिस्टेन एकटाच पुढे चालायचा, गायी आपसूक मागून यायच्या. एल्सी गोठ्यातच थांबायची. कळपामागून चालायला तिने एकदाही पाऊल टाकलं नाही.

मेच्या अखेरीस, भर सकाळी अकरा वाजता, एक म्हातारं जोडपं उताराच्या तोंडाशी थांबलेलं तिने स्वयंपाकघरातून पाहिलं. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. बघत होते रिकाम्या रस्त्याकडे. दोन मिनिटं थांबले, मान लववून कोणाला तरी धन्यवाद दिल्यासारखं केलं आणि पुढे गेले. दम खात असतील, असं म्हणत एल्सीने बटाटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तिघं थांबले. त्याच जागी. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एकजण.

जूनमध्ये तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ मोजायला सुरुवात केली. आधी दोन-तीन मिनिटं थांबायचे, मग दहा, मग पंधरा. कोणी कुरकुर करत नव्हतं. बाई असो, पुरुष असो, झुरिचचा असो नाहीतर परदेशातला, उताराच्या तोंडाशी आला की ब्रेक दाबायचा, पाय टेकायचा आणि शहाण्यासारखा उभा राहायचा. मधमाश्यांची गुणगुण ऐकू यावी इतका रस्ता मोकळा होता.

तिचा संशय आधी मास्तरच्या दोस्तांवर गेला. सगळ्यांनी मिळून आपली खोड काढायचं ठरवलंय, असं तिला वाटलं आणि तिच्या डोक्याला झिणझिण्या आल्या. हात पुसत ती बाहेर आली. हिरव्या टोपीतली एक बाई थांबली होती.

"काय तमाशा आहे हा? कशाला थांबलात?"

"गायी जातायत ना," बाई हसून म्हणाली. "घाई नाही हो आम्हाला."

"कुठे आहेत गायी? गायी खाली कुरणात आहेत माझ्या! हा रस्ता मोकळा आहे, जा इथून!"

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग तिच्या पायांकडे. तिचं हसू हळूहळू मावळलं. "सॉरी," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. मग कुठल्याशा खुणेने परवानगी मिळाल्यासारखी ती सावकाश निघाली. एल्सीच्या बाजूने जाताना तिने सायकल रस्त्याच्या कडेला इतकी घेतली, की चाक गवतात गेलं. मधून वाट तर गाडी जाईल एवढी होती.

ख्रिस्टेनला सांगितलं तर तो म्हणाला, "ऊन लागलंय त्यांना. आणि तुलाही." म्हणजे लोक थांबतात हे त्यानेही पाहिलं होतं. एल्सीला नवऱ्याचं खोटं वासावरून कळायचं.

जुलैत लोरेन्झ आला. आधी पोस्टमन होता, आता निवृत्त झाल्यावर मार्गावरच्या लाल पाट्या पुसायचं, वाकलेल्या सरळ करायचं काम हौसेने करायचा. साऱ्या दरीत त्याच्याइतका रोखठोक माणूस नव्हता. चर्चमधल्या चमत्कारांचीही तो पावती मागायचा. सायकलवरून आला आणि उताराच्या तोंडाशी पाय टेकून उभा राहिला.

एल्सी धावतच गेली. "लोरेन्झ! तूसुद्धा?"

"अगं थांब, थांब, मध्ये येऊ नकोस. गायी जाऊ दे."

"लोरेन्झ, मी पाया पडते तुझ्या. खरं सांग. कुठली गाय?"

तो गोंधळला. चष्मा काढून त्याने पुसला, परत लावला. "तुझ्याच तर आहेत. फ्लोरा आहे की मागे, लंगडत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गायी झाल्या आता. पण तो सोडत नाही बघ दोरी."

"कोण तो?"

"तो दोरी धरून उभा आहे तो. तुम्ही गडी ठेवलाय ना नवा? मघाशी मी विचारलं त्याला, संपल्या का रे गायी? तर म्हणाला, गायी संपल्या. मागचं माणूस अजून यायचंय."

एल्सीने रस्त्याकडे पाहिलं. डांबर, शेणाचे वाळलेले पो, हौदातून सांडणारं पाणी.

"कसा दिसतो?" तिने विचारलं.

"चांगला आहे की. शिकलेला वाटतो." लोरेन्झने डोळे बारीक केले. "त्या पिवळ्या पिशव्या कशाला घेतल्यात पण त्यानं खांद्यावर?"

लोरेन्झ पाऊण तास उभा होता. शेवटी वैतागून सायकल वळवून आल्या वाटेने परत गेला. ऑगस्टपर्यंत सगळेच परत जाऊ लागले. नकाशावरच्या शांत मार्गावरून ओबरश्वांड ओलांडून एकही माणूस पलीकडे जाईना. एल्सीला जे वर्षानुवर्षं हवं होतं ते तिला मिळालं, आणि ती रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पडू लागली.

एका संध्याकाळी, ताटात बटाट्याची रोश्टी थंड होत असताना, ती ख्रिस्टेनला म्हणाली, "त्या बाईला पत्र लिहूया. पोलिसांनाही सांगूया. दोघांनी."

"काय सांगायचं?"

"दोरी वर होती म्हणून."

"तोंड बंद ठेव. जे सांगितलं तेच खरं."

"मी सोडली असं सांगितलंस तू! माझं नाव घेऊन! विचारलंस तरी मला?"

"मागे तू असायला हवी होतीस."

"होय, हवी होते! माझं चुकलं, मी चालते झाले. पण तू पुढे होतास. गोठ्याच्या दारातून मागे वळून पाहिलं नाहीस?"

ख्रिस्टेनने काटा खाली ठेवला. 

"पाहिलं," तो म्हणाला. "दोरी वर होती, तू नव्हतीस. म्हटलं, जिचं काम तिनं येऊन करावं."

एल्सीला त्या क्षणी ताटासकट रोश्टी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. तिने घातली नाही, याचं पुढे तिला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. दहा महिने ती एकटीच्या पापाखाली दबून चालत होती आणि हा गडी शेजारी बसून पाव खात होता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला ती कुरणात उतरली. "कुठे निघालीस?" ख्रिस्टेनने विचारलं.  तो पुढे झाला. गायी निघाल्या. सगळ्यांत शेवटची गाय रस्त्यावर चढली तशी एल्सी तिच्या मागून चालू लागली.

वर उताराच्या तोंडाशी एक पांढऱ्या दाढीचा सायकलवाला पाय टेकून उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, बस दिसल्यावर थांब्यावरच्या माणसाचा उजळतो तसा.

गायी पुढे जाऊन गोठ्याकडे वळल्या. रस्ता रिकामा झाला.

एल्सी चालत राहिली. हौद मागे पडला.

मग तिच्या पोटाला काहीतरी टेकलं.

तिने खाली पाहिलं. काहीच नव्हतं. हात पुढे केला. हातात दोरी आली. ताणलेली, दव पडल्यासारखी ओली. नखाखाली पिळाचे धागे लागत होते. ती हाताने चाचपत कडेच्या खांबापर्यंत गेली. हुक सापडला. ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला.

"सुटत नाही," ती ओरडली. "अरे, सुटत नाही ही!"

सायकलवाला तिच्या खांद्याच्या शेजारी, थोडं वर बघत होता. तिथे कोणी बोलत असावं तसं त्याने ऐकून घेतलं.

"ते विचारतायत," तो अवघडून म्हणाला, "त्या दिवशी सोडली होती का?"

एल्सीच्या तोंडात शिवी आली. मास्तरला, ख्रिस्टेनला, पाटी ठोकणाऱ्याला, स्वतःला. ती तिने गिळली.

"नाही," ती म्हणाली. "मी नव्हती सोडली. मी मागे नव्हतेच. तो वेगात नव्हता."

हुक तिच्या हातात निघून आला, आणि मग हातात काही राहिलं नाही.

पांढऱ्या दाढीवाल्याने सायकल सोडली. दोन्ही ब्रेक दाबून तो तिच्या शेजारून उतरला, गावच्या रीतीप्रमाणे "नमस्कार" म्हणाला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

त्या संध्याकाळी तिने दोन पत्रं लिहिली, एक पोलिसांना, एक रेगुलाला. ख्रिस्टेनपुढे पेन ठेवलं. "माझ्यापुरतं मी लिहिलंय. तुझं तू लिही."

"मला काही लिहायचं नाही."

"ख्रिस्टेन, त्या बाईला मुलं आहेत रे."

"मी कुठे काय केलं? मी फक्त पाहिलं."

तिने पाकिटं चिकटवली, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी चार किलोमीटर चालत जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. परत येताना तिला सायकलवाले दिसले, एकामागून एक, गप्पा मारत, कोणीही न थांबता ओबरश्वांड ओलांडून जाणारे. एकाने तिच्या हौदातून बाटली भरून घेतली. तिला राग आला नाही.

दुपारी ती चीजवाल्याकडे रिकामे कॅन आणायला गेली होती, म्हणून गायी ख्रिस्टेनने एकट्याने आणल्या. परतली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. एकोणीसच्या एकोणीस गायी आपापल्या जागी उभ्या होत्या, सड तट्ट फुगलेले, हंबरत. दूध काढलेलं नव्हतं. ती रस्त्यावर आली.

ख्रिस्टेन हौदाच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभा होता. घरापासून तीस पावलांवर.

"अरे, गायी ओरडतायत! येतोस ना?"

तो आला नाही. दोन सायकली त्याच्या दोन्ही अंगांनी सहज निघून गेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो तिच्या खांद्याच्या शेजारी, थोडं वर बघत होता.

"ख्रिस्टेन, रस्ता मोकळा आहे."

"मला सोडत नाही तो," ख्रिस्टेन हळूच म्हणाला.

ती जवळ गेली. त्याने पुढे यायला एक पाऊल टाकलं आणि तो अडला. त्याच्या निळ्या सदऱ्याचं कापड, पोटाच्या जरा वर, बोटभर रुंदीच्या एका सरळ आडव्या रेषेत आत दबलं. त्याने आणखी जोर लावला तशी ती रेष आणखी आत गेली.