ट्रागेतला पत्र्याचा डबा

पापुआच्या डोंगरातली एक भाषा बोलणारी शेवटची म्हातारी वारली, आणि मैथिलीच्या चार वर्षांच्या पीएचडीचा सगळा भार आल्प्समधल्या एका बंद झोपडीवर येऊन पडला. त्या भाषेत नुसता सूर चढवला-उतरवला की अर्थ बदलतो, की शब्दातल्या एकाच अक्षरावर आघात पडतो? उत्तर एका दिवंगत जर्मन प्रोफेसरांनी चाळीस वर्षांपूर्वी भरलेल्या नऊ कॅसेटींत होतं. कॅसेटी त्यांच्या त्या झोपडीत होत्या.

"टेपा काय पळून जातात?" स्टुटगार्टहून निघताना सासूबाईंनी टोमणा मारलाच. आठ महिन्यांची नैना त्यांच्या कडेवर रडत होती.

"या पळणार आहेत, आई. सोमवारी झोपडी पाडतायत."

सोबत संस्थेतला कपिल होता. दुपारी पावसाचा बर्फ झाला. पायवाट बुजली. तरी झोपडी गाठली, कॅसेटींचा पत्र्याचा डबा मिळाला! पण सॅकचा पट्टा तुटला. नैनाला छातीशी बांधायची ट्रागे सवयीने सॅकमध्येच राहिली होती. मैथिलीने डबा तिच्यात घालून छातीशी बांधला. नववी कॅसेट डब्याबाहेर सुटीच होती, ती खिशात टाकली.

"आल्झो, म्हणजे जुळं झालं की तुला," कपिल हसला.

उतारावर त्याचा पाय सटकला! तो घरंगळत गेला आणि कड्यावरच्या एका खुरट्या झाडाला लटकला. खाली नुसतं धुकं!

"मैथिली, हात दे!"

ती कड्याच्या काठावर पालथी झाली. डबा मध्ये आला. हात वीतभर कमी पडला. झाड कडकडलं!

तिने ट्रागेचं बकल दाबलं. खट्! डबा दगडांवर आपटत, वाजत खाली गेला. तिने कपिलचं मनगट धरलं आणि ओढलं. तो वर येईपर्यंत ओढतच राहिली.

बसमध्ये तो म्हणाला, "सॉरी गं."

"गप्प बस तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उरलेली कॅसेट लावली. त्या काळची कुणी म्हातारी यादीतले शब्द सांगत होती, पाढे म्हटल्यासारखे, एकाच सपाट सुरात. अर्धा तास तेच! मग मागे कुठेतरी तान्हं मूल रडलं. म्हातारी त्याच्याशी बोलू लागली, आणि आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. मैथिलीने आवाज मोठा केला.

"हाल्ट," टेपेवर प्रोफेसर वैतागून म्हणाले. खट्! त्यांनी रेकॉर्डिंगच थांबवलं; पुढे नुसती खरखर.

सासूबाई रडणाऱ्या नैनाला घेऊन दारात आल्या. "मिळालं का गं?"

"मिळतच होतं, आई," मैथिली म्हणाली, आणि तिने हात पुढे केले.