वस्तादांच्या पट्ट्यातले बारा ओहम

तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबाचा रस, हळद आणि गोडेतेल घालून ती फावड्याने परततात.

विजेचा रोध ज्या ओहममध्ये मोजतात, ते एका जर्मन शाळामास्तराचं आडनाव.

हिंदुराव वस्तादांना नाडी नाही. मनगटावर बोट ठेवलं तर काही उडत नाही. माणूस मात्र जिवंत.

एक बिनचालकाची रुग्णवाहिका सायरन न वाजवता कोल्हापुरात शिरली.

ती वस्तादांनाच न्यायला आली होती. हृदय थकलं तेव्हा त्यांच्या छातीत हृदयपंप बसवला होता. तो ठोके देत नाही, रक्त सलग वाहतं ठेवतो. म्हणून नाडी नाही. बरगड्यांखाली, कातडीत, धातूची दोन बटणं. कमरेच्या पट्ट्यातली बॅटरी त्या बटणांतून पंपाला वीज देते. पट्टा सतत दोन आकडे इस्पितळाला कळवतो: व्होल्टेज आणि विद्युतधारा. तिथली संगणकप्रणाली, तिला निदानक म्हणतात, व्होल्टेजला धारेने भागते. येतो तो रोध. दोन्हींचा गुणाकार करते. येते ती शक्ती.

आज व्होल्टेज बारा, धारा अर्धा अँपिअर. रोध चोवीस ओहम. असायला हवा बारा.

निदानकाचा निकाल: पंप निकामी होतोय. आजच बदला.

“पुन्हा छाती फाडायची?” वस्ताद कोचावर आडवे होते. बोलताना धाप लागत होती. “मागच्या खेपेलाच यमाशी झोंबी झाली माझी.”

“आबा, गप पडा.” त्यांची सून रेणुका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवायची. तिने पडद्यावरच्या डॉक्टर फरीदा मुजावरांकडे पाहिलं. “डॉक्टर, दुसऱ्या शस्त्रक्रियेतून हे उठतील?”

“खरं सांगू? मला आशा कमी आहे. पण पंप बंद पडला तर तीही नाही. रुग्णवाहिका दारात आहे, रेणुकाताई.”

“चोवीस ओहम पंपाचेच आहेत, हे कशावरून?”

“म्हणजे?”

“निदानक पट्ट्यापाशी मोजतो. तिथून पंपापर्यंत जे जे वाटेत आहे, त्या सगळ्याचा रोध त्यात धरला जातो. मला पंपाचा एकट्याचा हवाय. जरा थांबा.”

“थांबते. पण आकडा घेऊन या, तर्क नको.”

रेणुकाने मल्टिमीटर आणला. पट्ट्याच्या कडेतून बटणांच्या कोरी दिसत होत्या. तिने दोन्ही टोकं त्या कोरींना टेकवली.

“ह्ये काय मोटारीचं मीटर लावतीस मला?”

“हलू नका. हलला तर पुन्हा मोजावं लागेल.”

बॅटरीपाशी बारा व्होल्ट. बटणांपाशी सहा.

सहा भागिले अर्धा.

बारा.

“पंपाचा रोध बारा ओहमच आहे, डॉक्टर. पंप धडधाकट आहे! उरलेले बारा ओहम पट्टा आणि बटणं यांच्यामध्ये आहेत. सहा गुणिले अर्धा, म्हणजे तीन वॉट तिथे नुसते जळतायत. पंपालाही तीनच मिळतायत. त्याला बारा लागतात.” मग ती सासऱ्यांकडे वळली. “आबा, इथं चटका बसतोय ना?”

वस्तादांनी छताकडे पाहिलं.

“आबा.”

“बसतोय जरासा.”

“तालमीत गेला होता.”

“कुस्ती खेळलो न्हाई! पोरी हौद्यात उतरायच्या आधी वस्तादाच्या अंगावर मूठ मूठ माती टाकत्यात. त्याबिगर कुस्तीची जोड लागत न्हाई. नको कसं म्हणू त्यांना?”

“आणि त्याच अंगावर पट्टा आवळला.”

“मग काय उघडा फिरू?”

पडद्यावर डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “पट्टा काढला की आतली राखीव बॅटरी सुरू होते. ती थोडाच वेळ टिकते. हात भरभर चालवा.”

रेणुकाने पट्टा सोडला. बटणांवर तेल-मातीचा तांबूस थर वाळून बसला होता. भोवतीची कातडी लाल झाली होती. ती स्पिरिटने घासू लागली. थर सुटेना. राखीव बॅटरीचा बारीक टिकटिकाट सुरू झाला. “नखानं खरवड,” वस्ताद म्हणाले, “मी काय रडतोय व्हय?” तिने नखाने खरवडलं, पट्ट्याची आतली बाजू पुसली आणि तो पुन्हा आवळला.

बारा व्होल्ट. एक अँपिअर. बारा ओहम, बारा वॉट.

वस्तादांच्या ओठांवरचा निळेपणा हळूहळू उतरला. डॉक्टरांनी निदानकाचा निकाल स्वतःच्या सहीने रद्द केला. रुग्णवाहिका रिकामी वळली.

“आता माती सोड म्हणू नगंस,” वस्ताद म्हणाले. “तेवढं मी ऐकणार न्हाई.”

“सोडू नका. पण माझ्यासमोर बटणं धुतल्याशिवाय पट्टा लावायचा नाही. त्यात मी तुमचं ऐकणार नाही.”

डॉक्टर जुन्या नोंदी चाळू लागल्या. नजर दुसऱ्या पडद्यावर होती. त्यांचा आवाज आला तेव्हा तो खाली गेलेला होता.

“रेणुकाताई, निदानकाच्या सांगण्यावरून आम्ही यंदा बरेच पंप बदलले. शेतात राबणारे, भट्टीवर उभे राहणारे, मासळी विकणाऱ्या बायका. काढलेल्या पंपांचा रोध वेगळा कुणीच मोजला नाही. त्यातले चांगले किती होते?”

“पंप ठेवलेत का जपून?”

“आहेत.”

“मग मी मीटर घेऊन येते.”

पट्टा बनवताना त्याची चाचणी रबरी कातडीवर झाली होती, आणि ती कातडी रोज सकाळी स्पिरिटने पुसली जात असे.