पेटीतला फ्यूज

गल्लीच्या टोकाचा दिवा रोज रात्री बंद पडू लागला, म्हणून वायरमन दिवेलागणीला शिडी घेऊन आला आणि फ्यूज काढणारी त्याला खांबाच्या पेटीशी रंगेहाथ सापडली. हातात रबरी मोजे, केसांत गवत.

"मॅडम, हे काम माझं आहे."

ती कसली गडबडते! उलट त्यालाच कुंपणापलीकडच्या गवतात घेऊन गेली. एका पात्यावर हिरवट उजेडाचा ठिपका होता. ती कीटकांची अभ्यासक, हंगामापुरती मावशीकडे राहिलेली. या जातीच्या काजव्याच्या मादीला पंखच नसतात, तिने सांगितलं. ती पात्यावर चढून पोटाचं टोक उजळते, उडता नर ते पाहून येतो. पण रस्त्याच्या दिव्यापुढे बिचारीकडे बघतंय कोण?

"म्हणजे… नुसतं बसून वाट बघायची?"

"हो ना. मला तर बाई जमणार नाही."

ते दिसतच होतं. त्याच्याभोवती तिच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दिव्याला पत्र्याचं झाकण ठोकलं. उजेड रस्त्यावर, गवतात अंधार. नर येऊ लागले. जोडीदार मिळाला की मादी आपला उजेड मालवते. ठिपके एकेक करून विझत गेले. काम फत्ते झालं, आणि तिला चैन पडेना. दिवा धड चालू होता… मग तो कशाला येईल? मावशी म्हणाली, काजव्यांचं मार्गी लागलं, मग तू का घरभर येरझाऱ्या घालतेस? हंगाम संपत आला होता, बॅगही निम्मी भरली होती. तिला त्या झाकणाचा भयंकर राग आला.

शेवटी तिने मोजे चढवले, फ्यूज काढला आणि खांबाखालच्या कट्ट्यावर बसून राहिली.

तो आला. वर पाहिलं, मग तिच्याकडे.

"झाकण तर जागेवर आहे. आता का काढला?"

"तुम्ही यावं म्हणून."

तो बराच वेळ शिडीच चाचपत राहिला. "मी रोज वाट बघत होतो, हा कधी बंद पडतोय याची. काल तर वाटलं – आपणच काढावा."

तिने फ्यूज त्याच्या हातावर ठेवला. तो त्याने खिशात टाकला आणि तिच्या शेजारी बसला.

"पुढच्या हंगामापर्यंत नुसतं बसून वाट बघायची, हे मलाही जमणार नाही," तो म्हणाला.

"मग बॅग उद्या रिकामी करते."

दुसऱ्या दिवशी गल्लीने कचेरीत तक्रार केली, की वायरमन येऊन गेला तरी दिवा बंदच.