अस्थिबंध

मिरजेच्या अस्थिसंशोधन केंद्रातली प्लास्टरची खोली बंद होऊन वर्ष झालं होतं. काचेसारखी हाडं घेऊन जन्मलेली मुलं आता अंगणात लंगडी खेळत होती. ही किमया ‘अस्थिबंध’ नावाच्या औषधाची होती.

मंजिरीही खेळत होती. फक्त खेळून झाल्यावर कोणाबरोबर घरी जायचं, हे तिला कळत नव्हतं.

“या कोण?” डॉ. ईशानी मुजुमदारांनी तिच्या आईकडे, सुगंधाकडे, बोट दाखवून विचारलं.

“इथल्या मावशी हायत की,” मंजिरी म्हणाली.

सुगंधाने तोंडात पदर कोंबला.

“अहो, पण दर तपासणीत ही सगळी उत्तरं बरोबर देत होती!”

“आदल्या दिवशी म्याच घोकून घ्यायची, मॅडम. पोरगी इसरतीय म्हटलं तर तुमी औषध बंद कराल, परत हाडं मोडतील, म्हणून.”

परीक्षेआधी पोरांकडून घोकून घ्यायची, ही आपली जित्याची खोड. पण ही परीक्षा पोरीची नव्हती, औषधाची होती. आणि ते पास झालं होतं.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते सतत थोडं विरतं आणि नव्याने बांधलं जातं. विरताना त्यातून सुटणारा एक रेणू रक्तावाटे मेंदूत जातो, आठवणी धरून ठेवायला मदत करतो. मुजुमदारांनी त्याला ‘अस्थिदूत’ म्हटलं होतं. अस्थिबंधाने हाडांचं विरणंच थांबवलं. हाडं टणक झाली, दूत आत कोंडले गेले.

“मग बंद करा की त्ये औषध!”

“आजच करते. पण पोटात गेलेलं औषध हाडात बसलंय, सुगंधाताई. ते आता निघत नाही.”

पुढच्या महिन्यात मंजिरी पायरीवरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. टणक हाडही जोरात आदळलं तर मोडतंच. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली, “आई!”

सुगंधा आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली.

“मोडलेलं हाड सांधताना शरीर त्याच्या कडा विरवतं, तिथे औषधाचंही चालत नाही,” मुजुमदार खाली बघत म्हणाल्या. “तेवढेच दूत सुटलेत. हाड सांधेपर्यंत ती तुम्हाला ओळखेल.”

त्या गेल्या. खाटेवरची मंजिरी सगळं ऐकत होती.

“आई, हात बरा झाला की मी परत तुला इसरणार?”

सुगंधाला खोटं बोलवेना. मग मंजिरीने आपला दुसरा हात आईच्या मांडीवर ठेवला.

“तवा ह्यो मोड. मी लई भिईन. तू कोण, हे मला ठावं नसंल. मी वरडंन. तरी थांबू नगंस.”