फिकट बलक

"अंडी ताजी आहेत गं... पण बलक फार लाल आहे."

मी परडी त्याच्या पुढ्यात आदळली. "आमच्या गावच्या कोंबड्यांना नावं ठेवतोस?"

"म्हातारे संत रंगवायला उत्तम!" तो हसला. "पण या बलकात रंग कालवून मारियामातेचा चेहरा रंगवला, तर बिचारी उन्हात राबल्यासारखी दिसेल. तिला शहरातल्या कोंबडीचा फिकट बलक लागतो."

हा नाद्दो. सिएना शहरातल्या तुरामास्तरांच्या चित्रशाळेत चेहरा रंगवायचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. चित्र माझ्या नवसाचं. बाबा तापाने हातचे जात होते, तेव्हा मी मारियामातेला बोलले होते, आणि तिने त्यांना वाचवलं.

मग काय, शहरातल्या मावशीच्या कोंबडीचं रोज एक अंडं घेऊन मी हजर! पांढरं निथळावं म्हणून तो बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर अलगद टाकायचा... आणि बघायचा मात्र माझ्याकडे.

"इकडे काय बघतोस? बलक सांडेल!"

"सांडू दे. उद्या दुसरं आणशीलच की."

चित्राच्या कडेला सोन्याचा वर्ख झळकायचा, पण चेहऱ्यावर कायम फडकं. "गाल अजून जमत नाहीत," तो म्हणायचा. मला आपलं बरंच वाटायचं! चेहरा झाला की माझं येणं संपणार... नवसाचं चित्र लांबावं असं वाटतं, म्हणून स्वतःचीच लाजही वाटायची.

एके दिवशी तुरामास्तर कावले. "पोरी, पुरे कर ही अंडी! चेहरा होऊन अकरा दिवस झाले. तेव्हापासून हा पठ्ठ्या रोज अंडं तळून खातोय, आणि आम्हाला विचारतसुद्धा नाही!"

नाद्दोचे कान लालबुंद झाले. मी फडकं ओढलं. मारियामाता इतक्या मायेने बघत होती, की माझे डोळेच भरून आले.

"रागावलीस?" त्याने हळूच विचारलं.

"खूप! थापाड्या, नुसतं 'ये' म्हणाला असतास, तरी आले असते."

"मग... ये ना. कायमची."

मी मारियामातेकडे पाहिलं. तिच्याकडे मागण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. नुसते हात जोडले.

"बाबांना विचार," मी म्हणाले. "उद्या चित्र न्यायला येतायत ते... स्वतःच्या पायांनी."