मागची सीट

गाडी बघायला प्राध्यापक निघाले तेव्हा त्यांच्या हातात पाना-पकडीची पिशवी होती आणि काखेत छत्री. आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं, तरी छत्री होती. त्यांची बायको त्यांना लाडाने आणि वैतागाने ‘शंकासुर’ म्हणायची, ते काही उगाच नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला ते तीनदा मागे येत. कुलूप लावून ते ओढून बघत, आणि मग आपण खरंच ओढून बघितलं का, या विचारात अर्धा रस्ता घालवत. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विसंबायला मात्र ते शेवटपर्यंत शिकले नाहीत.

गाडी एका म्हाताऱ्या नर्सबाईंची होती. छोटीशी, दोन दारांची, गोल दिव्यांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. पत्र्याच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं एका जागी उभी होती. प्राध्यापकांना ती हवी होती नातीसाठी. मुलीची ही मुलगी कॉलेजपासून त्यांच्याकडेच राहत होती आणि नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाली होती. घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचा, तर गाडी लागणारच. नवी कोणीही घेऊन देईल. आपल्या हातांनी जुनी उभी करून द्यायची, असं प्राध्यापकांच्या मनात होतं.

“चालवत नव्हतात, मग इतकी वर्षं विकली का नाहीत?” त्यांनी विचारलं.

“राहून गेलं,” नर्सबाई म्हणाल्या. आता त्या भाच्याकडे राहायला जाणार होत्या आणि तिथे गाडीला जागा नव्हती.

गाडी ओढून न्यायला ट्रक आला. साखळी लावून झाली तशा नर्सबाई पुढे आल्या, वाकल्या, आणि मागच्या डाव्या काचेवर त्यांनी दोन बोटांनी टकटक केलं.

“येते हं,” असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

माणसाला वस्तूचाही लळा लागतो, असं म्हणून प्राध्यापकांनी ते सोडून दिलं.

घराला लागून असलेल्या शेडमध्ये काम सुरू झालं. एक मिस्तरी रोज सकाळी दहाला यायचा. त्याने तळाचा पत्रा ठोकून पाहिला तर हातोडा आरपार गेला. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, खड्ड्यांत पुट्टी भरली. कार्बोरेटरचे तुकडे प्राध्यापकांनी वर्तमानपत्रावर मांडले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने नंबर घातला. मग नंबर बरोबर घातलेत का, हे दुपारभर तपासलं. रंगावरून घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी नातीचा पिवळाधमक जिंकला.

“बरं झालं,” आजी म्हणाल्या. “आजोबांच्या हाती सोडलं असतंस, तर मळखाऊ म्हणून शेणाच्या रंगाची केली असती त्यांनी.”

“शेणाचा रंग वाईट नसतो,” प्राध्यापक म्हणाले.

“बघ. मी काय म्हटलं!”

थंडीचे दिवस होते. प्राध्यापकांना पहाटेच जाग यायची, मग चहाचा कप घेऊन ते शेडमध्ये जाऊन बसायचे. अशाच एका सकाळी त्यांना ते पहिल्यांदा दिसलं. गाडीच्या सगळ्या काचा कोरड्या होत्या. फक्त मागच्या डाव्या काचेवर, अगदी खालच्या कडेजवळ, बशीएवढा एक गोल धुरकटला होता. त्यांनी बाहेरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. वाफ आतून धरली होती.

आत ओल असणार. त्यांनी गालिचा काढून उन्हात टाकला, दारांचं रबर बदललं, रात्री सीटवर मिठाने भरलेली वाटी ठेवली. सकाळी मीठ भुरभुरीत कोरडं होतं आणि काचेवर गोल होता. तिसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन काचेसमोरच बसले. शेडमध्ये गंजाचा आणि थिनरचा वास कोंडला होता. बाहेर अजून कोणी उठलं नव्हतं. गोल स्थिर नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. तो आकसायचा आणि पसरायचा. सावकाश… एका लयीत… पुन्हा आकसायचा.

त्यांच्या हातातला चहा गार होऊन गेला.

मग त्यांनी एक प्रयोग केला. पुढची सीट वाकवून ते आत शिरले, मागे उजवीकडे बसले आणि आपल्या बाजूच्या काचेवर श्वास सोडला. त्यांच्या श्वासाचा गोल कडेपासून चांगला दीड वीत वर उमटला. त्यांनी पलीकडे पाहिलं. इतक्या खाली तोंड येण्यासाठी बसणारा केवढा असायला हवा, हे गणित त्यांनी मनातल्या मनात मांडलं. उत्तर येण्याआधीच ते धडपडत बाहेर आले. त्या घाईत दाराच्या कडेवर गुडघा सोलून निघाला.

ऊन चढलं की काच स्वच्छ व्हायची, आणि घरातले त्यानंतर उठायचे. एकदा मिस्तरीला मुद्दाम लवकर बोलावलं. त्याने बाहीने काच आतून पुसली.

“सर, रबर. दुसरं काही नाही.”

“रबर बदललंय मी.”

“मग चुकीचं बसवलं असेल.”

हे प्राध्यापकांना पटलं. चुकीचं बसवलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं असेल, हे त्यांना नेहमीच पटायचं.

तरी त्याच आठवड्यात नात म्हणाली, “आजोबा, माझं घडीचं टेबल मागे मावत नाहीये. मागची सीट काढून टाकली तर?” तेव्हा ते एरवीसारखे चार दिवस विचारात पडले नाहीत. लगेच हो म्हणाले. तिला टेबलाला जागा हवी होती हे खरं. पण त्यांनाही ती सीट तिथे नको होती, हेही तितकंच खरं. सीटचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. मिस्तरीने ते ग्राइंडरने उडवले. गादीवाला सीट घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याने ती फाडून स्प्रिंगा वेगळ्या केल्या. मागच्या जागेत प्लायवूडचा सपाट कट्टा बसला, त्यावर करड्या रंगाचा गालिचा आला, टेबल अडकवायला दोन कड्या आल्या. गाडी देखणी दिसायला लागली. प्राध्यापक शेडच्या दारात उभे राहून स्वतःशीच हसले.

तीन सकाळी सगळ्या काचा कोरड्या होत्या.

चौथ्या सकाळी पुढच्या डाव्या काचेवर, खालच्या कडेजवळ, बशीएवढा गोल होता.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. आपण काय करून बसलो, हे त्यांना आता उमगत होतं. गाडीत जे काही होतं, ते बावीस वर्षं मागे गप्प बसून होतं. त्याची बसायची जागा त्यांनीच काढून घेतली होती. ते आता पुढे आलं होतं, चालवणाऱ्याच्या शेजारी. आणि सोमवारपासून नात गाडी बाहेर काढणार होती.

त्यांनी कट्ट्यावर एक उशी ठेवून पाहिली. सकाळी उशीला साधी सुरकुतीही पडलेली नव्हती, आणि गोल पुढेच होता. एकदा पुढे बसायला मिळालेलं पोर आपणहून मागे जातं का कधी? मग पुढची ती सीटच काढावी, असं त्यांच्या मनात आलं. पाना बोल्टला लावलाही, आणि हात थांबला. ही सीट काढली तर गाडीत बसायला एकच जागा उरणार होती. स्टिअरिंगपुढची.

त्या दुपारी त्यांनी नर्सबाईंना फोन केला. काय विचारायचं हे कागदावर लिहून घेतलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडेना.

“गाडी… चांगली झालीय,” ते म्हणाले. “फक्त काचेवर जरा… वाफ धरते.”

“मागच्या ना?” नर्सबाईंनी हळूच विचारलं.

“आता पुढच्या. मागची सीट काढली आम्ही. सामान ठेवायला.”

फोन कट झाला असं त्यांना वाटलं. मग अगदी हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, “अहो… मग बसवलंत कुठे?”

“कोणाला?” प्राध्यापकांनी विचारलं.

नर्सबाईंनी फोन ठेवला. पुन्हा त्यांनी उचलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले, “गाडी अजून तयार नाही.”

“आली का शंका!” आजी म्हणाल्या. “मी म्हणतच होते, आठ दिवस झाले, अजून कशी नाही आली.”

“ब्रेक बघायचेत.”

“ब्रेक मिस्तरींनी दोनदा बघितलेत, आजोबा,” नात म्हणाली. “माझे पेशंट वाट बघतायत. एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी गेले नाही, तर त्या उभ्याच राहणार नाहीत.”

“तुला मी काही सांगितलं… अगदी विचित्र काही… तर ऐकशील?”

तिने चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, काळजी होती. अलीकडे ती त्यांच्याकडे अशीच बघायची. नावं आठवताना ते अडखळले, की बघायची तशी. त्या नजरेपुढे प्राध्यापकांचं सगळं अवसान गळालं. खरंच आपल्याला दिसलं का? की डोक्यातच काही बिघडत चाललंय? मिस्तरी तर रबर म्हणाला होता.

“मी येत जाईन तुझ्याबरोबर,” ते म्हणाले. “शेजारी बसेन. गाडी नवीन आहे, तू नवीन आहेस.”

“गाडी माझ्या आईपेक्षा म्हातारी आहे!”

“मग म्हाताऱ्याला म्हाताऱ्याची सोबत.”

दोघी हसल्या. त्यांना वाटलं, आजोबांचा जीव गाडीत अडकलाय. प्राध्यापकांनी तसं वाटू दिलं. जागा भरलेली असली की कोणी दुसरं तिथे बसणार नाही, इतका साधा हिशेब होता त्यांचा. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसा.

सोमवारी ते नातीच्या शेजारी बसले, आणि मग रोज. ती वर जाऊन रुग्णाला तपासायची, ते खाली गाडीत थांबायचे. पुस्तक उघडं असायचं, पण पान उलटायचं नाही. नात गल्लीबोळांतून सफाईने गाडी काढायची, शीळ घालायची, आजीने डब्यात काय दिलंय यावर पैजा लावायची. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. त्या समाधानात प्राध्यापकांनी पहिला आठवडा काढला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या डाव्या मांडीला मुंग्या यायला लागल्या. नंतर दोन्ही मांड्यांना. गाडीतून उतरलं की पाय आपले नाहीतच असं वाटायचं. दार धरून उभं राहावं लागायचं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. आणि गाडीत बसलेलं असताना, भर दुपारी, खिडकीतून तापलेलं ऊन मांडीवर पडत असताना, तिथे गारवा जाणवायचा. ओल्या कपड्यातल्या कुणाला तरी घेऊन बसल्यासारखा. आपण हलत का नाही, हे कधीतरी त्यांच्या लक्षात यायचं. मांडीवर झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून माणूस जसा अवघडून बसतो, तसे ते बसलेले असायचे.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ते फाटकापाशी गाडीतून उतरले आणि तिथेच कोसळले. नातीने त्यांना आत आणून पलंगावर निजवलं, मांड्या दाबून पाहिल्या, टाचेवर टोकदार पेनने रेघ ओढली. त्यांना काही जाणवलं नाही.

“कंबरेत काही नाहीये,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “दाब वरून पडलाय. लहान मुलांच्या आयांचं होतं असं… तासन् तास मूल मांडीवर घेऊन बसतात ना, त्यांचं.” मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही काय जड घेऊन बसता हो, आजोबा? पुस्तकं?”

प्राध्यापकांनी मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही.

“ते काही नाही. उद्यापासून गाडी बंद. महिनाभर पूर्ण विश्रांती.”

“मी बसतो. मला काही होत नाही.”

“पाय जातील, आजोबा.”

“गेले तर जाऊ देत… पण ती जागा…”

“आजी, यांना समजाव गं.”

आजींनी या वेळी थट्टा केली नाही. त्या नुसत्या उशाशी बसून राहिल्या आणि त्यांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसे प्राध्यापक उठले. भिंतीला धरत, पाय ओढत फाटकापर्यंत पोचले. पिवळी गाडी रस्त्यावर उभी होती, इंजिन गुरगुरत होतं. नात आत बसली, तिने मागे टेबल नीट अडकलंय का बघितलं, आरसा हलवला. त्यांना बघून तिने रागावल्यासारखे डोळे मोठे केले आणि हसून हात केला. मग तिने आपला पट्टा लावला आणि हात लांब करून शेजारच्या सीटचा पट्टा ओढून खटकन अडकवला. आजोबांची बोटं थरथरायची, म्हणून दोन महिने रोज तीच लावून द्यायची. हाताला सवय झाली होती. तिचं लक्षही नव्हतं.

वेडी आहे, प्राध्यापकांना वाटलं. रिकाम्या सीटला पट्टा लावला.

पट्टा मिस्तरीने नवा बसवलेला, आपोआप मागे गुंडाळणारा होता. त्याने सरकन मागे जाऊन सीटच्या पाठीला सपाट चिकटायला हवं होतं. तो थोडासा मागे सरकला आणि थांबला. पाठीपासून वीतभर पुढे, हवेत, गोलसर वळण घेऊन तो ताणून राहिला.

प्राध्यापकांनी हाक मारली, पण गाडी निघून गेली होती.